एका प्रयोगात दोन नाटकं

वच्छे, तुझ्या अंत्ययात्रेलासुद्धा दारावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावायला हवी होती. चार बंगला भागातल्या तुझ्या बिल्डिंगखालून गर्दी पार मोठ्या रस्त्यावर आली आणि अंधेरी स्टेशनकडे जाणाऱ्या बसगाड्या अडकून पडल्या. बसमधले लोक खिडकीतून माना काढून विचारत होते, "कोण गेलं?" खालून कुणीतरी सांगत होतं, "वासंतीबाई." की लगेच च्‌ च्‌. एक गुजराती बाई तर डोळ्यांना पदर लावून बसमधून खालीच उतरली. तिचा नि तुझा काय संबंध? दूरदर्शनवर तू कुणाची तरी आजी झालीस, एवढाच. मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच वेळी मनात हेही चाललं होतं की मी गेले की घाटकोपरच्या भटवाडीत किती जण जमतील. चाळीतल्या बायका, भजनी मंडळ, खालचा वाणी. आणि नेमकं पाणी यायच्या वेळेला गेले तर त्या बायकासुद्धा नाहीत. मेलीस तरी मला जळवायचं काही सोडलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी पेपरांत तुझ्यावर रकानेच्या रकाने. मी ते वाचले नाहीत असं सगळ्यांना सांगितलंय, पण तुला कशाला खोटं सांगू, शेजारपाजारचे पेपर मागून आणून सगळे वाचले. गिरणगावातल्या मंडळांच्या नाटकांपासून सुरुवात, मग कंपनी, मग मुंबईपुण्याची रंगभूमी, मग सिनेमातल्या आया, मग घराघरांत पोचलेली टीव्हीवरची आजी. चाळीस वर्षांची कारकीर्द म्हणे. एकानेही लिहिलं नाही की तुझं खरं नाव वच्छी, वासंती हे कंपनीच्या मालकांनी ठेवलं. एकानेही लिहिलं नाही की पडदा वर जायच्या आधी तुला मळमळायचं आणि तू आल्याचा तुकडा दाढेखाली धरून उभी राहायचीस. आणि एका पेपरात तुझा जो फोटो आलाय ना, हातात नारळ घेतलेला, त्यात डाव्या बाजूला एक खांदा दिसतो. तो माझा आहे. बाकीची मी कापली गेले.

पण एक गोष्ट मात्र सगळ्यांनी छापली. तीच, दोन नाटकांची. आणि छापली ती तुझ्या तोंडची.

चौथ्या की पाचव्या दिवशी तुझी मीना आमच्याकडे आली. आमचा जिना चढताना बिचारीला धाप लागली. म्हणाली, "शालूमावशी, मुलुंडच्या नाट्यगृहात शोकसभा आहे रविवारी. तू बोलायचंस. मोठे मोठे लोक येणार आहेत, पण ते सगळे बोअर करतील. तू ती गोष्ट सांग ना, तू चुकलीस आणि आईने सावरलं ती. लोकांना जाम आवडते."

मी तिला चहा दिला. कपबशी आदळली नाही, एवढं माझं कौतुक कर. तू चुकलीस आणि आईने सावरलं! तुझ्या पोटची पोर माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून मला सांगते. मी म्हटलं, "सांगेन." आणि त्याच क्षणी ठरवलं की सांगायची ती खरीच सांगायची. तीसेक वर्षं ती गोष्ट तू वापरलीस, आता मुलुंडला भरल्या थिएटरात ती मी परत घेणार.

तुला काय, तुला सगळं ठाऊक आहे. पण मला एकदा माझ्यासाठी नीट आठवू दे.

गिरणीतली कोकणची पोरं आपापल्या गावाच्या मंडळातर्फे वर्षातून एकदा नाटक बसवायची. पुरुषांची कामं मंडळातलेच करणार, आणि बायकांच्या कामांना बाहेरून बायका आणायच्या. त्या आणलेल्या बायका म्हणजे आपण दोघी. मंडळ महिनोन्‌महिने तालमी करायचं आणि आपण जायचो एका रंगीत तालमीला, कधी कधी तर थेट प्रयोगालाच. आपली साडी आपण न्यायची, आपलं गंगावन आपण न्यायचं. नाटकं तरी अशी किती? पाचसहाच. सगळ्या मंडळांत तीच फिरायची, आणि तीही सगळी एकमेकांची चुलत भावंडं. घरी दारुडा दीर, सोशिक वहिनी, खाष्ट सासू. आपण त्यांची नावंसुद्धा लक्षात ठेवत नव्हतो. हे दुधाचं नाटक, ते कोर्टाचं नाटक. तू वहिनी, मी सासू. तुझ्याहून चार महिन्यांनी लहान असून मी सासू, कारण माझा आवाज जाड. तिथूनच माझं नशीब सुरू झालं.

त्या संध्याकाळी मुलुंडला मैदानात मंडप होता आणि नाटक दुधाचं होतं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा बाबी दीर झाला होता. आदल्याच दिवशी दुसऱ्या मंडळाकडे आपण कोर्टाचं नाटक करून आलो होतो. दोन्ही नाटकांत दीर दारू पिऊन येतो आणि बाहेरून ओरडतो, "वहिनी, दार उघड!" दुधाच्या नाटकात वहिनी मुकाट्याने दार उघडते आणि त्याचे पाय धरते. कोर्टाच्या नाटकात ती दार उघडत नाही. बाबी ओरडला, "वहिनी, दार उघड!" आणि तू छाती पुढे काढून ठणकावलंस, "भावजी, आता दार उघडेल ते कोर्टाचं!"

मंडपात टाळ्या पडल्या. आणि कॅनव्हासच्या दारामागून बाबीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "कोर्ट? खयचा कोर्ट?"

प्रॉम्प्टर पानं उलटत सुटला, पण त्याच्याकडे ते वाक्य असणार कुठून? मी चुलीजवळ बसलेली. तुझ्याकडे बघितलं तर तू एकदम मजेत, तुला पत्ताच नाही की तू दुसऱ्या नाटकात जाऊन उभी आहेस. तुला एकटीला तिथे सोडायचं कसं? म्हणून मी कोर्टाच्या नाटकातल्या सासूचं वाक्य घेतलं, "सूनबाई, घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणू नकोस!" तू पुढचं घेतलंस, मी त्याच्या पुढचं. बाबी बाहेर ताटकळतोय आणि आपण दोघी आत वेगळंच नाटक करतोय, आणि पब्लिक खूष. मग माझ्या लक्षात आलं की आता पुढे काय आहे. कोर्टाच्या नाटकात सासू याच प्रवेशात धक्का बसून मरते. दुधाच्या नाटकात तिला शेवटपर्यंत जगायचं असतं. मी मेले असते तर तिसऱ्या अंकाची वाट लागली असती. तू शेवटचं वाक्य टाकलंस आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस, मी पडायची वाट बघत. आणि मी ओरडले, "अगं सूनबाई, दूध उतू गेलं!"

तुझे डोळे मला अजून दिसतात. कुणी झोपेतून हलवून उठवावं तसे झाले. दूध म्हटल्यावर तुला आपण कुठल्या घरात आहोत ते कळलं. तू चुलीकडे धावलीस, पातेलं उतरवलंस, पदराला हात पुसलेस आणि जाऊन दार उघडलंस. बाबीचे पाय असे धरलेस की तो बिचारा खराखुरा रडला.

त्या दिवशी मंडळाने अध्यक्ष म्हणून एका नाटक कंपनीच्या मालकांना आणलं होतं. नाटक संपल्यावर ते पडद्यामागे आले. मी आडोशाला साडी बदलत होते, निऱ्या हातात. मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "मघाशी प्रसंग सावरला ती बाई कोण?" मी तशीच बाहेर कशी येणार? आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तुझा आवाज आला.

"मी."

एवढंच. एक अक्षर. त्यावर चाळीस वर्षांची कारकीर्द उभी राहिली, आणि मी राहिले भटवाडीत. पुढे प्रत्येक मुलाखतीत तू ती गोष्ट रंगवून सांगायचीस. शालू बिचारी कोर्टाच्या नाटकात शिरली, मरायलाच निघाली होती, मी ओरडले दूध उतू गेलं. माझं वाक्य, वच्छे! माझ्या अख्ख्या आयुष्यात मला सुचलेलं एकच बरं वाक्य, आणि तेही तू तुझ्या नावावर केलंस.

मी विचार खूप केलाय. ते माझ्या वाक्याबद्दल विचारतायत हे तुला कळलं होतं का? की पाय धरायचा तो प्रवेश तू झकास केलास, म्हणून ते तुझ्याबद्दलच विचारतायत असं तुला खरंच वाटलं? आणि मग सांगून सांगून दूधही तुझंच झालं? नटांचं तसं होतं, दुसऱ्याचं वाक्य कधी आपलं होऊन जातं ते कळत नाही. आपण त्यावरून भांडलो, पण हसत हसत भांडलो. न हसता मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तू मान खाली घातली असतीस तर पुढे मी तुझ्याकडे येऊ शकले नसते. आणि तुझ्याकडे यायचं तर मला होतंच.

का यायचं होतं विचार. मुलुंडच्याही आधी, माझ्या थोरलीच्या वेळी, मला कळा सुरू झाल्या त्या नेमक्या भांडुपच्या मंडळाच्या प्रयोगाच्या दिवशी. दुसरी बाई आयत्या वेळी मिळेना. मंडळवाले म्हणाले, प्रयोग रद्द, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बायका बघू. तू म्हणालीस, "शाली कुठे जात नाही. सासू आजारी आहे, आतल्या खोलीत निजलीय." आणि सगळा प्रयोग सासूला आतल्या खोलीत निजवलंस. सुनेचं बाहेर उभं राहून बोलायचीस आणि सासूचं विंगेत तोंड घालून, माझा जाड आवाज काढून. माझं काम गेलं नाही. मी ते कधी विसरले नाही. पण पुढच्या वर्षी त्याच मंडळाचा सेक्रेटरी मला काय म्हणाला माहितीय? "बाई, सासू या वेळीही आतच ठेवली तर? लोकांना फार आवडली होती." उपकार करतानाही तू माझ्यापेक्षा बरी करायचीस. असे उपकार घेऊन माणसाने करायचं काय?

मग गिरण्यांचा संप झाला, मंडळं मोडली, बाबीसारखे कितीतरी गावाला गेले, आणि आणायच्या बायकांना कुणी आणेनासं झालं. तेव्हा तू मला तुझ्या नाटकात घेतलंस. मोलकरीण. ट्रे घेऊन यायचं आणि म्हणायचं, "बाईसाहेब, चहा." लाल गालिचावर तू सोफ्यात, रेशमी साडी, आणि मी दारात ट्रे धरून. बोरिवलीच्या प्रयोगाला मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाईसाहेब, चहा. साखर आज बेतानेच, तुमचा आवाज सांभाळायला." काय हशा आला, वच्छे! तू कप उचललास, एक घोट घेतलास, आणि हशा पुरता विरेपर्यंत शांतपणे बशीत चमचा फिरवत राहिलीस. मग असं काही माझ्याकडे बघितलंस की पब्लिक पुन्हा हसलं, पहिल्याहून जास्त, आणि ते सगळं तुझं. आत आल्यावर म्हणालीस, "काय गो शाले, जळतंस?" मी म्हटलं, "होय, जळतंय." तू म्हणालीस, "मगे जळ, पण वेळेवर जळ. चहा थंड होता." पुढच्या आठवड्यात मी ते नाटक सोडलं. तू दुसरी मोलकरीण घेतलीस आणि माझं ते साखरेचं वाक्य तिला दिलंस.

तू लंडनला गेलीस तेव्हाचं आठवतं का? तिकडच्या मराठी मंडळींनी बोलावलं होतं. सांताक्रूझला विमानतळावर सगळा गोतावळा, हार, फोटोवाले, आणि माझ्या हातात तुझी चकलीची पिशवी. मी घरी आले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. परत आल्यावर माझ्यासाठी बिस्किटांचा डबा आणलास आणि एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगत बसलीस. तिथे एका थिएटरात तू एक म्हातारी नटी बघितलीस. काठी टेकत आली, नुसती खुर्चीत बसली, आणि अख्खं थिएटर गप्प. बोलते काय ते तुला अर्धंही कळत नव्हतं, तरी तू रडलीस. त्या देशात तिला राणीच्या खालोखाल मान आहे म्हणालीस. आणि मग माझा हात धरून म्हणालीस, "शाले, आपण पण असंच करायचं. काठी टेकत यायचं." आपण! मी त्या वेळी मनात म्हटलं, ही कोण लागून गेली आपण म्हणणारी, मला कोण विचारतंय काठीसकट? आज तो शब्द पुन्हा पुन्हा आठवतो. तुझ्या अख्ख्या त्या कारकिर्दीत तू मला धरूनच चालत होतीस की काय, देव जाणे. तुला काठी टेकायची वेळच आली नाही. गुडघे माझे गेले.

रविवारी मुलुंडला गेले. थिएटर भरलेलं. मीना पहिल्या रांगेत. मोठ्या मोठ्या लोकांनी भाषणं केली आणि मीना म्हणाली होती तसंच झालं, मागच्या रांगांत लोक घड्याळं बघायला लागले. मग माझं नाव पुकारलं, "वासंतीबाईंच्या जुन्या सहकारी." मी माइकपाशी गेले. शेजारी तुझा फोटो, चंदनाचा हार, उदबत्ती. मी तुझ्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ती दोन नाटकांची गोष्ट तुम्ही सगळ्यांनी वाचलीय. ती तिने उलटी सांगितलीय. चूक तिची होती."

मीनाचा चेहरा पडला. आणि मग मी सुरू झाले. तुझी पुढे काढलेली छाती, कोर्टाचं दार, माझी घराण्याची अब्रू. बाबीचं "खयचा कोर्ट" आलं तशी मागून पहिली हशाची लाट आली. मरायचं की जगायचं या विचारात चुलीजवळ बसलेली सासू मी तिथे उभ्या उभ्या करून दाखवली आणि थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. शोकसभा आहे हे विसरले. मीनासुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होती. मी ओरडले, "अगं सूनबाई, दूध उतू गेलं!" आणि टाळ्या. वच्छे, टाळ्या! मुलुंडला, भरल्या थिएटरात, माझ्या वाक्याला. इतकी वर्षं मी जे मागत होते ते सगळं मिळालं. मी श्वास घेतला आणि शेवटाला आले. मालक पडद्यामागे येतात. विचारतात, प्रसंग सावरला ती बाई कोण? मी म्हटलं, "ती बाई मी."

आणि मी तिथेच थांबले.

कारण याच्यापुढे मी कधी गेलेच नाही. मीनाच्या लग्नात, सत्यनारायणाला, मेकअपच्या खोलीत, कुठेही असो, मी या वाक्यावर आले की तू असशील तिथून ओरडायचीस, "खोटा! सपशेल खोटा बोलतंय ही!" मग मी तुला, तू मला, आणि ताटातलं जेवण निवून जायचं. त्या गोष्टीत माझ्या वाटणीला याच्यापुढचं वाक्यच नाही. ते नेहमी तुझं असायचं.

लोक टाळ्या वाजवत होते. मी माइक धरून उभी. त्यांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. मीना पाण्याचा ग्लास घेऊन वर आली, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, मला ही तुम्हा दोघींची थट्टाच वाटायची गं." तिचा विश्वास बसला होता. मी समोर बघितलं, पहिल्या रांगेपासून पार शेवटच्या रांगेपर्यंत. सगळ्यांचा बसला होता. एवढ्या मोठ्या थिएटरात मला खोटी म्हणणारं कुणीच नव्हतं.